गोष्टीवाला गेम पहिल्यांदा खेळताय? बसण्याआधी हे वाचा

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, तेव्हा आमच्या गावातली पोट्टी आठवडाभर पारावर नुसती बसून होती. मग कोणी लुडोवर गेलं, कोणी फ्री फायरवर. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून तासाभराच्या आत. कोरोनामुळे गिऱ्हाईक नव्हतंच. त्या रिकामपणात एका मित्राने सांगितलेला 'टू द मून' नावाचा गेम मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला. त्यात बंदूक नव्हती, गाडी नव्हती, लेव्हलही नव्हती. ठिपक्याठिपक्यांची बुटकी माणसं होती आणि मरणाला टेकलेला एक म्हातारा, ज्याला चंद्रावर जायचं होतं. का जायचंय, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. रात्री दीडच्या सुमारास गेम संपला तेव्हा मी असा हुंदके देत होतो की बाबा उठून आले.

"का झाला बे? कोनी गेला का?"

गेममध्ये रडलो हे सांगायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, नाटक पाहत होतो. बाबा लगेच शांत झाले. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि जाऊन झोपले. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की आमच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं चालतात. सतरंजी अंथरून, चादर गुंडाळून, पहाटेपर्यंत माणसं बसतात आणि सुनेचे हाल पाहून पदराने डोळे पुसतात. नाटकात रडणं बाबांना मान्य आहे. मी तेव्हा खोटं बोललो असं मला वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की फारसं खोटं नव्हतं.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांनी विचारलं, की असले गेम कुठून आणायचे, फोनवर चालतात का, इंग्रजी येत नसेल तर काय. आणि प्रत्येक जण त्याच चार खड्ड्यांत पडला, ज्यांत मी पडलो होतो. म्हणून हे एकदाच लिहून काढतो.

आधी सामान

- फोन, चार जीबी रॅमचा. महागडा नको. दोन-तीन जीबी जागा मोकळी करा. लग्नांचे व्हिडिओ आणि 'शुभ सकाळ'ची फुलं काढली की तेवढी निघते.
- वायरचा इअरफोन. ब्लूटूथचा ऐन वेळी चार्ज संपतो, आणि काहींत आवाज चित्राच्या मागे पडतो.
- स्वतःचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड. निम्म्या गावाचे ईमेल मीच काढून दिलेत आणि निम्म्या गावाला पासवर्ड आठवत नाही. विकत घेतलेला गेम ईमेलला बांधलेला असतो. फोन बदलला आणि पासवर्ड नसेल तर गेम गेला.
- वही-पेन. हसू नका, तिसऱ्या पायरीत सांगतो.
- दुसरा एखादा फोन, भाषांतरासाठी. घरातला कोणाचाही चालेल.
- कागदपत्रं: एकही नाही. गोष्टीचा गेम आधार-पॅन मागत नाही. मागितलं तर ते पैसे लावायचं दुकान आहे किंवा सरळ फसवणूक. तिथून निघा.

१. पहिला गेम अर्ध्या-पाऊण तासाचा घ्या

नवखा माणूस पहिलीच चूक इथे करतो. यूट्यूबवर कोणीतरी सांगतं की अमुक गेम जगात भारी, आणि हा साठ तासांच्या गेमला हात घालतो. चौथ्या दिवशी सोडून देतो. मग म्हणतो, आपल्याला नाही जमत बुवा.

'फ्लोरेन्स'पासून सुरुवात करा. २०१८ चा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका छोट्या चमूने केलेला, मुद्दाम फोनसाठी बनवलेला. पंचविशीतली एक मुलगी, तिचं कंटाळवाणं ऑफिस, आणि रस्त्यात चेलो वाजवणारा क्रिश नावाचा मूळ भारतीय घरातला मुलगा. गोष्ट एवढीच. पण ती कशी सांगितली आहे ते पाहा. पहिल्या भेटीत दोघांना बोलायचं असतं, तेव्हा बोलण्याचा फुगा तुकड्यातुकड्यांत येतो आणि तो तुम्हाला बोटाने जोडावा लागतो. सुरुवातीला तुकडे बरेच असतात, कारण अनोळखी माणसाशी बोलणं अवघडच असतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. शेवटी शेवटी जवळपास काही जोडावंच लागत नाही. एक शब्दही न वाचता तुम्हाला कळतं की यांचं जमलं. मग भांडण होतं, आणि त्या तुकड्यांना धारदार कोपरे येतात.

त्यातच एक खोली येते. तो तिच्या घरी राहायला येतो. त्याचं सामान मांडायचं तर फळीवरचं तिचं काहीतरी उचलून खोक्यात टाकावं लागतं. काय टाकायचं ते तुम्ही ठरवायचं. मी तिच्या दोन वस्तू पटापट खोक्यात ढकलल्या, लवकर पुढे जायला. बऱ्याच वेळाने तीच फळी पुन्हा समोर आली. पुढचं सांगत नाही, पण फळीकडे पाहून माझा हात थांबला.

गोष्टीच्या गेमची सगळी मेख या फळीत आहे. नाटकात दुःख दुसऱ्याच्या हातून घडतं. इथे तुमच्याच बोटाने खोकं भरलेलं असतं.

२. विकत घ्या, पण थांबून घ्या

फुकटच्या 'मॉड' फाइली, म्हणजे गेमच्या चोरीच्या प्रती, टेलिग्रामवर ढिगाने मिळतात. सुरुवातीला मीही घेतल्या. 'द वॉकिंग डेड' नावाचा २०१२ चा पाच भागांचा गेम आहे. ली नावाचा माणूस एका अनोळखी लहान मुलीला सांभाळत संकटातून नेतो. तुम्ही पहिल्या भागात जे केलं ते पुढच्या भागांना आठवत राहतं, ती मुलगीही आठवण ठेवते, आणि गेमचा सगळा जीव त्यातच आहे. माझ्या चोरीच्या प्रतीत भाग एकमेकांना जोडलेलेच नव्हते. दुसरा भाग सुरू झाला आणि मी केलेलं कोणालाच काही आठवेना. वर त्या फाइलीने फोनभर जाहिराती सोडल्या, तो फोन फॉर्मॅट करावा लागला. माझ्याच दुकानात, माझ्याच हाताने.

म्हणून प्ले स्टोअर, किंवा कॉम्प्युटर असेल तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान. स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि उन्हाळ्यात नि हिवाळ्यात मोठे सेल लागतात. यादी करून ठेवा, सेलची वाट पाहा. घेतलेला गेम तुमच्या कॉम्प्युटरवर चालत नसेल, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत करतं. त्यामुळे घेतल्या घेतल्या दहा मिनिटं चालवून पाहा, अडकतो का ते बघा. धान विकल्यावरच घ्यायचा आणि रोवणीनंतर (भाताच्या लावणीनंतर) उघडायचा, असं केलं तर मुदत गेलेली असते.

डाउनलोड रात्री लावा. गावात टॉवर एक आणि संध्याकाळी त्याच्यावर सगळं गाव.

३. इंग्रजी येत नाही? आधी मुके गेम

मराठीत असे गेम जवळपास नाहीत, हे मान्य करून चला. पण काहींत शब्दच नसतात. 'लिंबो' (२०१०) सगळा काळा-पांढरा, एक लहान पोरगा जंगलात बहिणीला शोधतो, बोलणं शून्य. 'ग्रिस' (२०१८) बार्सिलोनाच्या चित्रकारांचा. दुःखाने आवाज गेलेली एक मुलगी, आणि रंग हरवलेलं जग. ती सावरते तसा एकेक रंग परत येतो. हे दोन्ही फोनवर चालतात. 'लिंबो'त मात्र पोरगा वारंवार मरतो आणि भयानक मरतो, तेव्हा लहान भावंडांना मांडीवर घेऊन खेळू नका.

मग शब्दांकडे या. माझी पद्धत अशी: पडद्यावर वाक्य आलं की दुसऱ्या फोनच्या गूगल लेन्सने मराठी करायचं. पहिल्या अर्ध्या तासात हात दुखतो. मग तेच तेच शब्द पुन्हा यायला लागतात आणि फोन खाली राहतो. मशीनचं मराठी विचित्र असतं, विनोद तर हमखास मरतो, पण कोण कोणावर रागावलंय तेवढं कळतं. वहीत फक्त माणसांची नावं आणि नाती लिहा. "रिव्हर: म्हाताऱ्याची बायको. कागदाचे ससे करते. का?" माझ्या वहीत हे असं लिहिलेलं आहे, आणि त्या 'का'चं उत्तर सापडलं त्या रात्री बाबा उठून आले होते.

४. बसायचं कसं

नाटकाला जाताना तुम्ही मधल्या अंकात उठून गोठ्यात जात नाही. इथेही तेच.

फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. मी टाकला नव्हता. एक पात्र शेवटचा श्वास घेत असताना "आपके खाते में" असा बँकेचा आवाज आला. दुसरं, लाइन. पॉवर बँक भरून ठेवा. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर आधी पाहून घ्या की गेम आपोआप सेव्ह होतो की ठरावीक जागीच. जुने गेम बहुतेक ठरावीक जागी सेव्ह होतात. लाइन गेली की दोन तासांची मेहनत मातीत.

आणि सगळ्यात मोठा सापळा: स्किप. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाने जुन्या कॉम्प्युटरवर 'जीटीए सॅन अँड्रियास' खेळलाय. २००४ चा गेम. मी दुकानात कित्येक पोरांना विचारलं, गोष्ट काय आहे रे? कोणालाच माहीत नाही. बटण दाबून बोलणं उडवायचं आणि सरळ सायकलवर बसायचं. ती गोष्ट अशी सुरू होते की कार्ल जॉन्सन नावाचा मुलगा पाच वर्षांनी घरी येतो, कारण त्याची आई मारली गेली आहे. तो आईच्या रिकाम्या घरात शिरतो. पुण्याहून किंवा सुरतेहून अशाच कारणासाठी एकदा तरी गावी आलेल्या माणसाने तो प्रसंग न उडवता पाहावा. वीस वर्षं आपण फक्त गाड्या चोरत होतो.

५. जुने गेम: कमी दिसतं, जास्त भरावं लागतं

जुना गेम उघडला की पहिला विचार येतो, हे काय चौकोन-चौकोन. थोडा धीर धरा.

तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावायचो. त्यात ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं असतं. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने तो १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी काढला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजकुमाराची चाल रेखाटली. म्हणून तो आजही माणसासारखा धापकन पडतो. आता गंमत बघा. मेकनरला शत्रू हवा होता, पण त्या यंत्रात नवीन चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने राजकुमाराचंच चित्र थोडं सरकवून त्याच्यावरच पुन्हा टाकलं, आणि एक चमचमणारी भुतासारखी सावली तयार झाली. गेममध्ये ही सावली आरशातून बाहेर येते, तुमचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दरवाजा बंद करते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की घाव तुम्हालाच लागतो. मी किती दिवस मारत होतो, मरत होतो! शेजारच्या पोट्ट्याने सांगितलं, तलवार म्यान कर आणि सरळ चाल. चाललो. दोघं एक झाले. जागा नव्हती म्हणून केलेली युक्ती, आणि निघाली अशी गोष्ट. आमच्या नाटकातही मागे एकच रंगवलेला पडदा असतो, तोच वाडा आणि तोच कोर्ट.

त्याही आधी, १९८३ मध्ये, 'प्लॅनेटफॉल' नावाच्या गेममध्ये तर चित्रच नव्हतं, नुसता मजकूर. त्यात फ्लॉइड नावाचा लहान पोरासारखा खोडकर रोबो सोबत असतो. तो तुमच्यासाठी जीव धोक्यात घालून एका खोलीत शिरतो, आणि लोक कॉम्प्युटरवरच्या अक्षरांकडे पाहून रडले. इंग्रजी जड आहे, म्हणून आत्ता खेळू नका, नुसतं ठाऊक असू द्या. कॅसेटवाल्या मारिओतसुद्धा सात वेळा राक्षसाचा किल्ला जिंकल्यावर सातही वेळा कळायचं की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. लहानपणी ते ऐकून जे पोटात तुटायचं, ते काय होतं मग?

आता एक शेवट फोडतो. नको असेल तर पुढच्या पायरीवर उडी मारा.

'फायनल फँटसी सेव्हन', १९९७. मूळ प्लेस्टेशनचा (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र), आता फोनवरही मिळतो. त्यात एरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी तुमच्या टोळीत असते. जुन्या इंग्रजी प्रतीत तिचं नाव एरिस असं लिहिलंय, गोंधळू नका. जखमा भरून काढण्यात तिच्या तोडीचं कोणी नाही, त्यामुळे तुम्ही तिला जपता, तिला चांगली हत्यारं देता, तिच्यावर वेळ घालता. आणि गोष्टीच्या मध्येच ती मारली जाते. लगेच एका राक्षसाशी लढावं लागतं, पण लढाईचं संगीत वाजतच नाही. नोबुओ उएमात्सूने बांधलेली तिचीच धून चालू राहते. तुम्ही तलवार चालवताय आणि कानात ती. नंतर यादी उघडली की तिच्या अंगावरचे मंतरलेले खडे तुमच्या पिशवीत परत आलेले असतात. ती मात्र नसते. त्या काळी ती जिवंत करता येते अशा अफवा पसरल्या आणि लोक शोधत राहिले. नाही करता येत.

मी एरिथवर सगळ्यात जास्त वेळ घातला होता. खड्यांची यादी पाहून मला आजोबा गेल्यावर त्यांचा पानाचा डबा परत आला होता ते आठवलं.

६. नवे गेम: चेहरे आले, पण हात विसरू नका

नव्या गेममध्ये अभिनेत्यांच्या हालचाली टिपून चेहऱ्यावर चढवतात. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) सुरू होतो तो एका लहान मुलीला तुमच्या हातात देऊन. घरात ती वडिलांना शोधत फिरते, आणि तिला चालवता तुम्ही. यासाठी प्लेस्टेशन किंवा दणकट कॉम्प्युटर लागतो. आपल्याकडे तो सहसा नसतो, म्हणून लोक यूट्यूबवर पूर्ण गेम 'पाहतात'. पाहा, हरकत नाही, मीही पाहिला. पण ते दुसऱ्याने जेवलेलं पाहणं आहे.

याचा पुरावा हवा असेल तर 'ब्रदर्स' खेळा, २०१३ चा. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. डाव्या अंगठ्याने थोरला चालतो, उजव्याने धाकटा. पहिला तासभर दोघंही एकमेकांवर धडकतात, तुम्ही वैतागता. मग हळूहळू डावा हात म्हणजे दादा अशी सवय लागते. शेवटाकडे आपल्या हातांकडे लक्ष ठेवा, बाकी काही सांगत नाही. यूट्यूबवर हा गेम पाहणाऱ्याला त्या क्षणी काही म्हणजे काही होत नाही.

आपल्या मातीतलं हवं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' (२०२०) आहे. भावाला शोधणारी मुलगी, देवी-देवता, राक्षस. दिसायला सुंदर. गोष्ट मला थोडी पातळ वाटली, मारामारी जास्त. त्यापेक्षा २०२३ चा 'वेंबा' मनाला लागतो. कॅनडात गेलेलं एक तमिळ जोडपं आणि त्यांचा तिथेच वाढणारा मुलगा. तुम्ही फक्त स्वयंपाक करायचा. आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरं पुसलेली, ते अंदाजाने भरून काढायचं. मुलाला तमिळ नीट येईनासं होतं तसं त्याला ऐकू येणारं आईचं बोलणं पडद्यावरही धूसर होत जातं. ज्यांचे भाचे-पुतणे पुण्यात इंग्रजी शाळेत आहेत आणि दिवाळीत आजीला "व्हॉट?" म्हणतात, त्यांना अनुवाद लागणार नाही.

७. मग 'पेपर्स, प्लीज'

हा मी पाचवा-सहावा म्हणून सुचवतो, आधी नाही. लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने २०१३ मध्ये केलेला. २०२२ पासून फोनवर आहे. अर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो. फोटो जुळतो का, तारीख संपली का, शिक्का खरा का, ते बघायचं आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. बरोबर तपासलेल्या माणसामागे पाच रुपये म्हणा. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, मग दंड. संध्याकाळी हिशोब: भाडं, अन्न, शेकोटी. घरी बायको, मुलगा, सासू, काका. पैसे पुरले नाहीत तर कोणीतरी आजारी पडतं.

कागद रोज वाढतात. आज पासपोर्ट, उद्या परवाना, परवा आणखी काही. एक म्हातारा जॉर्जी स्वतःच्या हाताने काढलेला पासपोर्ट घेऊन हसत येतो. असा माणूस माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी येतोच.

एके दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाताना म्हणतो, मागून बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. बायको येते. तिच्याकडे परवाना नाही. परत पाठवलं तर मारून टाकतील, म्हणते. माझ्या दोन चुका आधीच झाल्या होत्या. घरी मुलगा आजारी होता, औषधाचे पैसे काढायचे होते. मी लाल ठप्पा मारला. कागद तिच्याकडे सरकवला. ती काहीतरी बोलली, मी लेन्स लावली नाही.

त्याच दिवशी दुपारी एक आजी पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आली होती. जन्मभर बांधीत रोवणी करून तिच्या बोटांचे ठसे घासून गेलेले. मशीन पाच वेळा लाल. मागे रांग होती. मी म्हटलं, "आजी, उद्या या." ती म्हणाली, "उद्या मजुरी बुडन बाबू," आणि निघून गेली. रात्री तो ठप्पा मारल्यावर मला तिचा अंगठा दिसला. पदराला पुसून पुसून तिने तो मशीनवर दाबला होता.

गेमने मला सुधारलं वगैरे काही नाही. आठ दिवसांनी ती स्वतःच आली. पीएम किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते, ते करून दिलं, पाच मिनिटं लागली. पहिल्या दिवशीही पाचच लागली असती.

खेळताना एक व्यावहारिक सूचना: नियमांचं पुस्तक बाजूला उघडं ठेवा आणि पहिल्या तीन दिवसांत घाई करू नका. फोनच्या लहान पडद्यावर तारखा चुकतात.

८. जड गेम कधी टाळायचे

'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याने आपल्या मुलावर केला. जोएलला वर्षाचा असताना कॅन्सर झाला आणि २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. यात जिंकणं नाहीच. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, कर्जाची नोटीस आली असेल, पीक गेलं असेल, तर हा लावू नका. थांबेल तो. मी एकदा नको त्या आठवड्यात लावला आणि तीन दिवस जेवण गेलं नाही. आपल्या भागात मन बसणं हलक्यात घेण्यासारखं नाही. जास्तच जड वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा फुकट नंबर आहे, तिथे बोला.

९. एकटे की चौघांत

पहिल्यांदा एकट्याने. दुसऱ्यांदा चौघांत, आणि तेव्हा तुम्ही वाचून दाखवायचं. मी गेल्या थंडीत 'टू द मून' बाबांना दाखवला, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. इंग्रजी वाक्य आलं की आपल्या बोलीत सांगायचो, म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, डॉक्टरांचा वेगळा. बाबा आधी म्हणाले, चेहरे दिसत नाहीत. अर्ध्या तासाने म्हणाले, "तो पोट्टा खोटा बोलते." कोणता पोट्टा ते तुम्ही खेळलात की कळेल. बाबांचं बरोबर होतं.

तेवढ्यात लाइन गेली. सेव्ह केलं होतं म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातलाच बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन दुकानात हजर. मागे शेजारचे काका, त्यांच्या मागे काकू, शाल घेऊन. चौघांत खेळायचं असेल तर इअरफोन काढून स्पीकर जोडा. आणि खुर्च्या आधीच मोजून ठेवा, मला त्या दिवशी झेरॉक्सच्या कागदांच्या पेटीवर बसावं लागलं.